चतुःसीमा

खरेदीखताच्या मधल्या पानावर कुठेतरी चार ओळी येतात. त्यांच्या आधी गट नंबर येऊन गेलेला असतो, हेक्टर-आर येऊन गेलेलं असतं, आकार रुपये-पैशांत लिहून झालेला असतो. तरी जमीन डोळ्यांपुढे उभी राहते ती या चार ओळींशी आल्यावर. पूर्वेस अमक्यांची जमीन, दक्षिणेस शिवरस्ता, पश्चिमेस ओढा, उत्तरेस तमक्यांचा गट. मथळा एका शब्दाचा, चतुःसीमा. खत वाचून दाखवताना म्हातारी माणसं बाकीचं सगळं मान डोलावत ऐकतात आणि इथे हात वर करतात. "हे परत वाचा, ताई." मग डोळे मिटून ऐकतात. त्या मिटल्या डोळ्यांआड ती शेतात जाऊन उभी राहिलेली असतात.

अशी खतं मराठीतून इंग्रजीत नेण्याचं काम मी शिरूरला करते. मुलगा जर्मनीत नोकरीला, मुलगी अमेरिकेत. कुणाला व्हिसासाठी घरच्या मिळकतीचे कागद हवे असतात, कुणाला बँकेसाठी, कुणाचं कुलमुखत्यारपत्र तिकडून सही होऊन यायचं असतं. रांजणगावची औद्योगिक वसाहत झाल्यापासून कंपन्यांचेही कागद येतात. काम तसं साधं, नमुने ठरलेले. तरी चतुःसीमेपाशी माझा हात दर वेळी मंदावतो. एखादी गोष्ट भोवती आहे, एखादी आत आहे, हे सांगायला इंग्रजीत शब्दांचा तोटा नाही. त्यांतला कुठला घ्यायचा ते मात्र शेत बघून ठरतं.

आधी क्रमाबद्दल. मराठी खतांत दिशा बहुधा याच ओळीनं येतात: पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर. इंग्रजी मसुद्यांत पुष्कळदा उत्तर-दक्षिण आणि मग पूर्व-पश्चिम असा समोरासमोरचा क्रम दिसतो. माहिती दोन्हींत तीच. पण आपल्या क्रमात चालणं आहे. उगवतीच्या बांधावरून निघायचं, शेत उजव्या हाताला ठेवायचं, दक्षिणेचा कोपरा वळायचा, मावळतीच्या बाजूनं वर सरकत उत्तरेला यायचं आणि पुन्हा जिथून निघालो तिथे पोचायचं. खत लिहिणाऱ्यानं शेताला घातलेली ही प्रदक्षिणाच असते. म्हणून इंग्रजीत नेताना मी हा क्रम हलवत नाही. एकदा एका वकीलसाहेबांनी तो बदलून मागितला होता. मी त्यांना विनंती केली, की पूर्वेपासूनच राहू द्या, काही बिघडत नाही. त्यांनी राहू दिलं.

प्रदक्षिणा म्हटलं की मला सिद्धटेक आठवतं. दौंडहून जायचं तर शिरापूरपर्यंत जाऊन भीमा ओलांडायची. आता पूल आहे, पूर्वी होडीनं जावं लागे. देऊळ टेकडीला लागून असल्यामुळे देवाला प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या टेकडीला वळसा घालावा लागतो. माझी आजी तो अनवाणी घालायची. आम्ही मुलं पुढे पळायचो, ती मागून खडे, काटे, बाभळीची सावली, मधेच दिसणारं नदीचं पाणी असं एकेक ओलांडत यायची. गाभाऱ्यात तिचं दर्शन क्षणात आटपायचं. वेळ लागायचा तो भोवतीला. देवळातून परतल्यावर ती देवाबद्दल फारसं काही सांगत नसे. यंदा निवडुंग वाढलाय, मागच्या बाजूची वाट पावसानं खचलीय, असं सांगायची. भोवताल नीट पाहिला म्हणजे मधलं पाहिल्यासारखंच आहे, अशी काहीतरी तिची समजूत असावी.

आता क्रियापद. जमीन या चार गोष्टींनी 'वेढलेली' आहे असं लिहायचं का? सराउंड हा शब्द सगळ्यात आधी सुचतो आणि मी तो सगळ्यात आधी बाजूला ठेवते. सराउंडमध्ये मधली वस्तू एकटी पडते. पोलीस घराला सराउंड करतात, पुराचं पाणी गावाला. एन्सर्कलमध्ये गोलाई आहे, आणि आमच्याकडचं शेत कुठे गोल असतं? लांबुळकं, तिरकं, एका कोपऱ्यात ओढ्यानं खाल्लेलं. एन्क्लोज म्हणायला भिंत हवी नाहीतर तार. इथे हातभर रुंदीचा बांध, आणि तोही दर नांगरटीला बोटभर कोरला जाणारा. एन्कंपास हा मोठ्या मुलखाचा शब्द. तीस गुंठ्यांना तो लावला तर अंगापेक्षा बोंगा मोठा. एम्ब्रेसमध्ये माया आहे. ती मालकाच्या मनात असते, हद्दीवर नसते. असं करत करत हाताशी राहतो बाउंडेड. सीमा सांगणारा, कोरडा, कुठल्याच बाजूला न झुकणारा.

त्याच्या जोडीला आणखी एक शब्द आहे, अबट. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या २१ व्या कलमात तो आहे. मिळकत ओळखू येईल इतकं वर्णन दस्तात असलं पाहिजे, आणि ती कुठल्या रस्त्यांना, कुठल्या मिळकतींना लागून आहे ते लिहावं, असं ते कलम सांगतं. अबट म्हणजे कडेला कड लागणं. त्यात वेढणं नाही, कोंडणं नाही. आपला 'लगत' त्याच्या अगदी जवळचा. मोजणी ठरली की भूमी अभिलेख कार्यालयातून लगतधारकांना नोटिसा जातात, आणि मोजणीच्या दिवशी चारी बाजूंची माणसं आपापल्या बांधावर येऊन उभी राहतात. एरवी वर्षानुवर्षं अबोला असलेले दोन भाऊसुद्धा त्या दिवशी एकाच दगडाकडे बघत असतात. आता मोजणीला उपग्रहाशी जोडलेलं रोव्हर यंत्र येतं. त्याआधी प्लेन टेबल होतं, त्याही आधी शंकू आणि साखळी. साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी जमीन मोजणी आणि साराबंदी सुरू केली, तीच पुढे मुंबई इलाखाभर गेली. सातबाऱ्यावरचा आकार हा त्याच कामाचा वंशज. एवढं मोजून, नकाशे काढून, दगड रोवूनही खतातल्या त्या चार ओळी कुणी काढून टाकल्या नाहीत, याचं मला फार बरं वाटतं. आकड्यांवर भागलं असतं. पण शेजारी कोण हे सांगितल्याशिवाय आपल्या माणसाला जमीन सांगितल्यासारखी वाटत नाही.

शब्दांचंही असंच आहे. पीटर मार्क रॉजे नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८५२ साली आपला थिसॉरस छापला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. त्यांनी शब्द अक्षरांच्या क्रमानं न लावता अर्थाच्या शेजारानं लावले. आत असणं, सभोवार असणं, कड, कुंपण अशी खाती पाडली, आणि एकेका खात्यात जवळजवळचे शब्द नेऊन बसवले. मला तो ग्रंथ शब्दांच्या गटबुकासारखा वाटतो. एखाद्या शब्दाचा अर्थ नेमका कुठे संपतो हे तो शब्द एकटा सांगत नाही; लगतचे शब्द येऊन उभे राहिले की कळतं. आपल्याकडे अमरकोशाची मांडणी याच रीतीची: स्वर्ग, दिशा, काळ, वारी, मग भूमी, पुर, शैल, वनौषधी असे वर्ग. पाठशाळेतली मुलं तो पाठ करायची ती शेजारासकट. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये वाढवून. माझ्या टेबलावर तो कायम असतो. शेतीवाडीचे, वतनाचे, बांधाबंदिस्तीचे शब्द त्यात इतके आहेत, की एखाद्या जुन्या खताशी अडलं तर मी आधी तिकडे जाते. एका मराठी शब्दापुढे त्यांनी इंग्रजीचे तीन-तीन, चार-चार शब्द ठेवलेले दिसतात, तेव्हा हा माणूसही असाच कुठेतरी बांधावर थांबला असेल असं वाटून जातं.

शब्द निवडण्याचं सगळ्यात मोठं काम आमच्या दौंड तालुक्यात झालं ते केडगावात. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी अनाथ मुली आणि विधवा बायका आणून तिथे मुक्ती सदन वसवलं. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याच्या शेवटच्या अठराएक वर्षांत त्यांनी अख्खं बायबल मुळावरून मराठीत आणलं. साध्या खेडवळ बाईला समजेल असं मराठी, हा त्यांचा हट्ट. छापखाना तिथलाच, खिळे जुळवणाऱ्या बायकाही तिथल्याच. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या; ग्रंथ छापून बाहेर पडला १९२४ मध्ये. केडगावावरून जाताना त्या आवाराच्या भिंतीकडे मी नेहमी बघते. भिंतीच्या आतल्या जागेचं नाव मुक्ती. ज्या मुलींना उघड्यावर कुणी उरलं नव्हतं, त्यांना भोवती भिंत असणं हेच मोकळं होणं होतं. एन्क्लोज या शब्दाला मी कधीच सरसकट वाईट म्हणू शकत नाही, ते या भिंतीमुळे.

माझं माहेर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी; सासर शिरूर तालुक्यात. केडगावहून पारगाव, पुढे नदीवरचा पूल, मग न्हावरे आणि शिरूर, हा रस्ता माझ्या अंगवळणी पडलेला. अलीकडच्या काठावरच्या खतांत 'उत्तरेस भीमा नदी' असं येतं, पलीकडच्या खतांत 'दक्षिणेस भीमा नदी'. एकच नदी दोन तालुक्यांच्या कागदांत आहे, आणि क्षेत्रात कुणाच्याच नाही. तिचं पात्र मोठ्या पुरात सरकतं, मळईची जमीन एका काठाला लागते, दुसऱ्या काठाची जाते. कागदावरची ओळ जिथल्या तिथे. कायद्यानं मी तिथे बाउंडेड लिहिते. पण पुलाच्या मध्यावर एसटीनं जरा वेग कमी केला की दोन्ही काठांचा ऊस एकदम दिसतो, आणि या नदीनं दोन्हीकडच्या माणसांना हद्द घालून दिली की शेजार जोडून दिला, हे मला सांगता येत नाही. माझ्या लग्नात सीमांतपूजन झालं तेव्हा आत्या म्हणाली होती, खरी सीमा तर नदीवरच ओलांडून आले पाहुणे.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. महाराष्ट्रात शिरूर पुष्कळ आहेत: बीड जिल्ह्यात शिरूर कासार, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद. नावानं ओळख पटेना, तेव्हा आमच्या गावानं काठाची नदीच नाव म्हणून घेतली. चतुःसीमेतली एक ओळ उचलून मथळ्यात ठेवली म्हणा ना.

तालुक्याच्या वरच्या अंगाला, घोड आणि कुकडी या दोन नद्यांच्या मधल्या मुलखाला आमच्याकडे बेट भाग म्हणतात. टाकळी हाजी, कवठे येमाई, जांबूत, पिंपरखेड ही त्यातली गावं. 'बेट भागातली जमीन' असं एखाद्या कागदात आलं की मी थांबते. आयलंड लिहिलं तर वाचणाऱ्याच्या मनात समुद्र येईल. आणि पाणी काही चारी बाजूंनी नाही. दोन नद्यांमधला प्रदेश असं फोडून लिहिलं की नकाशा बरोबर होतो. पण बेट म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात नकाशापेक्षा जास्त काही आहे. पूल नव्हते तेव्हा दोन्ही नद्या फुगल्या की बाजार नाही, दवाखाना नाही, पाहुणा आला तर तो पाणी उतरेपर्यंत घरातलाच. तसं जगलेल्या माणसांनी दिलेलं नाव आहे ते. केडगावला नारायण महाराजांच्या दत्तस्थानालाही बेटच म्हणतात, आणि तिथे पाण्याचा वेढा नाही. बाकीच्या जगापासून जरा वेगळी पडलेली, आपल्यापुरती पुरी जागा, एवढ्यावर आपल्याकडे बेट होतं.

बेट भागात आता वेढा आहे तो उसाचा. कालव्यांचं पाणी आलं, ऊस आला, आणि तो घराच्या भिंतीपर्यंत आला. उसात बिबट्या आला. बछडी तिथेच जन्मतात, तिथेच मोठी होतात; ऊस हेच त्यांचं रान. गेल्या काही वर्षांत या गावांनी माणसं गमावली, त्यात कोवळी मुलंही. मागे मी एका वस्तीवर गेले होते. ओट्याला गज, अंगणावर डोक्यापासून पायापर्यंत जाळी, जाळीच्या आत पाळणा, चूल, पाण्याचा हंडा. म्हातारीनं आतून कडी काढली, मला आत घेतलं आणि लगेच लावली. "जनावर मोकळं न् आम्ही पिंजऱ्यात," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवलं. इथे सराउंड हाच शब्द लागतो. शहरातल्या जाहिरातीत 'हिरवाईनं वेढलेले प्लॉट' असं वाचलं की मला ती कडी लावल्याचा आवाज ऐकू येतो.

भोवतीचं झालं की खतात आतलं येतं. पेशवाईतल्या इनामपत्रांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी माळ यायची. जे आत घ्यायचं ते 'देखील' म्हणून, जे बाहेर ठेवायचं ते 'खेरीज' म्हणून. पाणी आणि झाडं दिली, गवत, लाकूड आणि दगड दिले, एवढ्यावर न थांबता जमिनीत पुरलेलं, कुणी ठेवलेलं, अजून कुणाला न सापडलेलंही दिलं. देणाऱ्याचा हा सैलपणा मला आवडतो. आजच्या खतांत त्याचं 'तदंगभूत वस्तूंसह' झालं आहे. झाडझाडोरा, विहिरीतला हिस्सा, पाटपाणी, जाण्या-येण्याची वहिवाट. इंग्रजीत इन्क्लूडिंग म्हटलं की यादी अर्धी राहते, आणखीही काही असेल असा वास येतो. कम्प्राइजिंग म्हटलं की यादी बंद होते. मी बहुतेकदा टुगेदर विथ लिहिते. विहिरीचं पाणी जमिनीचा भाग म्हणून मोजता येत नाही, पण ते जमिनीबरोबर जातं. सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर पाठराखीण जायची, तेवढंच.

पोटखराबा हा माझा लाडका शब्द. खडकाचा तुकडा, नाल्याची घळ, पिकत नाही असं जे काही शेताच्या पोटात असतं ते सातबाऱ्यावर वेगळं दाखवतात आणि एकूण क्षेत्रात धरतात. इंग्रजीत त्याला नापीक म्हणता येतं, एकूण क्षेत्रात समाविष्ट म्हणता येतं. पोट म्हणता येत नाही. सासऱ्यांच्या शेतात असा एक खडक आहे. त्यावर उन्हाळ्यात सांडगे वाळतात, पोरं अभ्यासाला बसतात, पावसाळ्यात त्याच्या खोबणीत पाणी साचलं की साळुंक्या येतात. वाटणीच्या वेळी तो कुणी मागितला नाही, आणि कुणी सोडलाही नाही.

माहेरी आजी रात्री पीठ मळायच्या आधी माणसं मोजायची. गड्याला धरून नऊ, मुक्कामाला थांबलेल्या वैदूला धरून दहा. शेवटी स्वतःला धरून अकरा. हे 'धरून' इंग्रजीत इन्क्लूडिंगच होतं, दुसरं काही होत नाही, आणि हाताची पकड सुटून जाते. सरकारी कागदातलं 'समाविष्ट' मात्र इन्क्लूडेडमध्ये चपखल बसतं. पुण्याभोवती 'समाविष्ट गावं' म्हणून एक जातच तयार झाली आहे. महापालिकेच्या हद्दीत आलेली. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये झालं, तेव्हा शिरूर आणि दौंड तालुक्यांतलीही काही गावं त्याच्या हद्दीत घेतली गेली. रेघ कागदावर सरकली आणि माणसं होती तिथेच राहून आत आली. आजीचं धरणं आणि हे धरणं एकच मानायला माझं मन तयार होत नाही.

सगळ्यात अवघड मला वाटतो तो कंस. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर एखाद्याचं नाव कमी करायचं असलं की ते कंसात घालत. भोवती दोन वळणदार रेघा, जवळ फेरफार क्रमांक, की ते नाव गेलं. इंग्रजी वाचणाऱ्याला कंसातलं नाव म्हणजे जास्तीची माहिती वाटेल. म्हणून दर वेळी खाली टीप द्यावी लागते, की या खुणेचा अर्थ नाव कमी झालं असा घ्यावा. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये मिळाला, देशभर २००५ मध्ये. वारसनोंदीत बहिणींची नावं भावांच्या शेजारी येऊ लागली. आणि मग हक्कसोडपत्रं येऊ लागली. कुणी राजीखुशीनं दिलेलं, कुणी माहेर तुटू नये म्हणून दिलेलं. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. अशा जुन्या उताऱ्यांवर एकाखाली एक तीन-चार बायकांची नावं कंसात असतात, आणि अक्षर तलाठ्याच्या हातचं, सुबक. भोवती रेघ ओढून आत घेता येतं तसं बाहेरही काढता येतं, हे त्या पानाइतकं स्वच्छ मी कुठे पाहिलेलं नाही. ती पानं मी घाईनं करत नाही. प्रत्येक नाव पूर्ण लिहिते, वडिलांच्या नावासह, आणि मगच टीप देते.

घोडनदीच्याच काठावर खाली इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी, १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतली शेतकऱ्यांची वस्ती निघाली, शंभराहून जास्त घरं. गावाच्या कडेला दगडमातीचा बांध आणि लांब चर सापडला. त्याबद्दल वाचायला गेलं की तटबंदी, खंदक, बंधारा, पाण्याचा पाट असे निरनिराळे शब्द भेटतात. शब्द बदलला की त्या गावाची भीती बदलते. शत्रूची होती, पुराची होती, की अवर्षणाची? घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं होती. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, मूल त्यांच्या आत, आणि वर घर नांदतं. गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं, धान्याचं कोठार असलेलं. त्याच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात एक माणूस मांडी घालून बसवलेला मिळाला. आणखी एका ठिकाणी मातीची झाकणाची डबी मिळाली, डबीत बाईची छोटी मूर्ती, डबीवर बिनडोक्याची दुसरी मूर्ती आणि एक बैल.

उत्खननावरच्या इंग्रजी पुस्तकात मी हे वाचत होते तेव्हा माझं लक्ष पुन्हा पुन्हा क्रियापदाकडे जायचं. मूल मडक्यांत ठेवलं, झाकलं, पुरलं, बंद केलं, की सांभाळलं? शास्त्राला यांतला सगळ्यात कोरडा शब्द घ्यावा लागतो, आणि तेच बरोबर आहे. पण ज्या बाईनं ती दोन तोंडं एकमेकांना लावली असतील, तिच्या भाषेत त्या कृतीला काही एक शब्द असणार. गावाबाहेर न नेता, नदीत न सोडता, जिथे ती रोज झोपत असेल, रांधत असेल, त्याच जमिनीखाली तिनं त्याला ठेवलं. माणसं मोजताना ती त्याला धरत असेल का?

सध्या माझ्याकडे बेट भागातलं एक बक्षीसपत्र आलंय. वडिलांनी मुलीच्या नावे केलेलं. मुलगी परदेशात, म्हणून इंग्रजी प्रत हवी. बाकी सगळं लिहून झालं आहे, पूर्वेपासून उत्तरेपर्यंत. मुलीचा फोन आला होता. "काकू, पश्चिमेच्या बांधावरचा आंबा आपल्यात येतो ना?" तिच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, झाड दोघांचं आहे, अर्धे आंबे शेजारी नेतो, अर्धे आम्ही. लावलं कुणाच्या आज्यानं ते दोघांनाही ठाऊक नाही. मूळ खतात नुसतं 'झाडझाडोऱ्यासह' आहे. इंग्रजीत 'जमिनीवर उभ्या असलेल्या सर्व झाडांसह' असं लिहिलं तर आंबा आत येतो आणि शेजाऱ्याचा अर्धा वाटा जातो. बांधाच्या अलीकडची झाडं म्हटलं तर आंबा बाहेर राहतो. दोघांचा आहे असं लिहायला जागा कुठे करायची, हा विचार चाललाय. रविवारी मी तिकडे जाणार आहे. पश्चिमेचे लगतधारकही येतो म्हणालेत.